गोल गठ्ठ्यांचं यंत्र: आधी काड पाहा, मग मिस्त्री, मग किंमत



मार्च लागला की आपल्या भागात गव्हाच्या वावरांत हार्वेस्टर फिरू लागतात. दाणे ट्रॉलीत जातात आणि काडाच्या ओळी वावरातच पडून राहतात. वावर मोकळं करायची घाई असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या ओळींना काडी लावली जाते. पुढे मे महिन्यात त्याच गावातल्या बाया गाईसाठी कुटार विकत घ्यायला दारोदार फिरतात.

हे काड गोळा करून त्याचे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र म्हणजे राउंड बेलर. ते ट्रॅक्टरच्या मागे चालतं. ग्रामसंघाच्या अवजार बँकेत बेलर घ्यावा का, असा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "कितीला मिळतो?" हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आपल्या गावात बेलरला लागणारं काड आहे का, हा पहिला. हंगामात बिघाड झाला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून देणारा मिस्त्री आहे का, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं मिळाल्यावरच किमतीकडे यायचं. यंत्र गटाच्या बचतीतून आणि कर्जातून येतं. ते गोठ्यात उभं राहिलं तरी हप्ता थांबत नाही.

बेलर काम कसा करतो?

यंत्राच्या पुढे वाकड्या दातांचा एक फिरता रूळ असतो, त्याला पिकअप म्हणतात. तो जमिनीवरचं काड उचलून आत ढकलतो. आत लोखंडी रोलर किंवा साखळीला जोडलेल्या पट्ट्या फिरत असतात. त्यांच्यामध्ये काड गुंडाळलं जातं, आपण गोधडीची वळकटी करतो तसं. गठ्ठा पुरेसा घट्ट झाला की खूण मिळते. ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवतो, गठ्ठ्यावर सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, मागचं दार उघडतं आणि गठ्ठा खाली पडतो.

चौकोनी गठ्ठे बांधणारं यंत्रही मिळतं. त्याचे गठ्ठे रचायला सोपे, पण त्यात सुतळीला गाठ मारणारा नॉटर नावाचा भाग असतो. तो नाजूक असतो आणि बिघडला तर जाणकार माणूसच लागतो. गोल गठ्ठ्यात गाठ मारावी लागत नाही. सुतळी फेऱ्या मारते आणि कापली जाते. लहान शेतीसाठी गोल बेलर सांभाळायला सोपा म्हणतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

गोल बेलरमध्येही दोन जाती आहेत. मोठ्या यंत्रांचा गठ्ठा काही क्विंटलचा होतो, तो उचलायला लोडर लागतो. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो मिनी राउंड बेलर. त्याचा गठ्ठा साधारण दोन फूट जाडीचा, तीन-साडेतीन फूट लांब आणि पंधरा ते पंचवीस किलोचा असतो. दोन बाया तो सहज ट्रॉलीत चढवतात.

आपलं काड बेलरजोगं आहे का?

पुष्कळदा फसगत होते ती इथेच. बेलरला लांब काड लागतं. ते एकमेकांत अडकतं तेव्हाच वळकटी होते. आपल्या जिल्ह्यातली पिकं एकेक करून पाहू.

गहू: हार्वेस्टरने काढलेल्या गव्हाचं काड बेलरला चालतं. मात्र हार्वेस्टर गहू वरून कापतो, खाली वीतभर किंवा जास्त धसकटं उभी राहतात. बेलर फक्त पडलेलं काड उचलतो, उभी धसकटं तशीच राहतात. म्हणून हार्वेस्टरवाल्याला आधीच सांगा: कापणी खालून कर आणि काड पसरवू नको, ओळीने टाक.

सोयाबीन: थ्रेशरमधून निघालेलं कुटार बारीक असतं. ते बेलरमध्ये बांधलं जात नाही, रोलरच्या फटींतून गळून जातं. हार्वेस्टरने काढलेल्या सोयाबीनचं काड काही प्रमाणात बांधता येतं, पण ते ठिसूळ असतं, तुकडे होतात आणि नुकसान जास्त होतं. सोयाबीनच्या भरवशावर बेलर घ्यायचा असेल तर आपल्याच वावरात चालवून पाहिल्याशिवाय सही करू नका.

चणा: मळणीनंतर कुटारच होतं. बेलरचा उपयोग नाही.

तुराट्या आणि पऱ्हाटी: ही लाकडासारखी टणक असतात. बेलरमध्ये घातली तर दात मोडतील. त्यासाठी श्रेडर वेगळा असतो.

ज्वारीचा कडबा: हाताने पेंढ्या बांधणंच परवडतं.

धानाची तणस आणि वाळलेलं गवत: बेलरचं खरं काम इथे आहे. पण धानाचा पट्टा आपल्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे. तिकडच्या वावरात एखादा बेलर झकास चालताना पाहिला म्हणून तो आपल्या सोयाबीनच्या वावरात तसाच चालेल, असं धरू नका.

आणखी एक गोष्ट. काड आपल्याच ढोरांना घालायचं असेल आणि भुसाच हवा असेल, तर धसकटं कापून थेट ट्रॉलीत भुसा भरणारं स्ट्रॉ रीपर नावाचं यंत्र असतं. ढोरं लांब काडापेक्षा भुसा आवडीने खातात, वाया कमी जातो. बेलरचा फायदा काड दूर न्यायचं असेल, विकायचं असेल किंवा कमी जागेत रचून ठेवायचं असेल तेव्हा. आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊ गाई पाळणारी घरं आहेत, चाऱ्याची गरज मोठी आहे. तिथल्या गटांनी गव्हाचा पट्टा असलेल्या गावांच्या गटांशी बोलून आधी गिऱ्हाईक पक्कं करावं, मग यंत्राचा विचार करावा.

एकराचा हिशेब: यंत्राला पुरेसं काम आहे का?

गव्हाच्या दाण्याइतकंच, किंवा थोडं जास्त, काड निघतं. एकरी आठ-दहा क्विंटल गहू झाला तर काडही तेवढंच. त्यातलं निम्मं धसकटांत राहिलं असं धरलं, तर बेलरच्या हाती चार-पाच क्विंटल लागतं. वीस किलोचा गठ्ठा धरला तर एकरी वीस-पंचवीस गठ्ठे.

आता हिशेब करू. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या दरपत्रकातले आणि गावच्या भावाचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

समजा, यंत्र ४ लाखांचं आहे आणि ८ वर्षं चालेल. मग वर्षाची घसारा रक्कम ५०,००० रुपये. व्याज सरासरी २०,००० आणि दुरुस्ती-सुटे भाग २०,००० धरू. म्हणजे यंत्र हललं नाही तरी वर्षाला ९०,००० रुपये खर्च. (न हललेल्या यंत्राची दुरुस्ती कमी होईल, पण हिशेब कडक धरलेला बरा.)

एका गठ्ठ्यामागे ट्रॅक्टर, डिझेल, ड्रायव्हर, सुतळी, मदतनीस असा २५ रुपये खर्च आणि बांधायचा दर ४० रुपये धरला, तर उरतात १५ रुपये. ९०,००० भागिले १५ म्हणजे ६,००० गठ्ठे. एकरी २५ गठ्ठ्यांप्रमाणे २४० एकर. एवढं काम झालं तर नफा नाही, तोटा नाही.

गव्हाचं काड उचलायला जेमतेम वीस दिवस मिळतात. म्हणजे रोज १२ एकर, ३०० गठ्ठे. तासाला ४० गठ्ठे निघाले तर साडेसात तासांचं काम. बरोब्बर बसतं, पण मध्ये फुरसत नाही.

अनुदानातून निम्मी किंमत मिळाली तर घसारा आणि व्याज निम्मं होतं, वर्षाचा खर्च ५५,००० वर येतो. मग ३,६६७ गठ्ठे, म्हणजे साधारण १४७ एकर पुरतात.

तुमच्या गावात आणि आसपासच्या पाच-सात किलोमीटरमध्ये हार्वेस्टरने निघणारा एवढा गहू नसेल, तर यंत्र घेऊ नका. एक हंगाम भाड्याने आणा, नाहीतर तीन-चार ग्रामसंघ मिळून प्रभागसंघामार्फत घ्या. आणि काम अगदीच थोडं असेल तर लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात तळाला सुतळी टाकायची, काड भरून पायाने दाबायचं आणि बांधायचं. मेहनत आहे, पण हप्ता नाही.

स्वस्त यंत्र महाग कसं पडतं?

वरच्या उदाहरणात एक दिवस यंत्र बंद राहिलं तर ३०० गठ्ठे गेले, म्हणजे ४,५०० रुपये. आता समजा, एखादा विक्रेता तेच काम करणारं यंत्र ४०,००० रुपयांनी स्वस्त देतो. ८ वर्षांत वाटली तर ती बचत वर्षाला ५,००० रुपये. व्याजाचे २,००० धरले तर ७,०००. पण भाग मिळाला नाही म्हणून हंगामात दोन दिवस यंत्र उभं राहिलं, की ९,००० रुपये गेले. वर्षाची बचत दोन दिवसांत संपली, आणि ज्याचं काड पडून राहिलं त्याने काडी लावली ते वेगळंच. पुढच्या वर्षी तो आपल्याला बोलावणार नाही.

म्हणून यंत्र किती गठ्ठे बांधतं याच्याइतकंच ते बंद पडल्यावर किती वेळात चालू होतं, हे विचारायचं.

सांभाळायला सोपं यंत्र कसं ओळखावं?

यंत्राभोवती फिरा, झाकणं उघडायला लावा. पुढच्या गोष्टी पाहा.

१. बेअरिंग: प्रत्येक बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो वहीत लिहून घ्या आणि वर्धा किंवा हिंगणघाटच्या बेअरिंगच्या दुकानात विचारा. तिथे मिळत असेल तर उत्तम. "फक्त कंपनीकडूनच येतं" असं उत्तर असेल तर तो दिवस कधी येईल, याचा विचार करा.

२. साखळी आणि पट्टे: साखळी नेहमीच्या मापाची आहे का? ताण कमीजास्त करायचा बोल्ट बाहेरून हाताला लागतो का? त्यासाठी अर्धं यंत्र खोलावं लागत असेल तर ते काम कोणी वेळेवर करणार नाही.

३. ग्रीसच्या जागा: ग्रीस निप्पल मोजा. सगळ्या निप्पलपर्यंत ग्रीस गन पोचते का, स्वतः लावून पाहा. हात पोचत नाही ती जागा कोरडीच राहते आणि तिथलंच बेअरिंग आधी जातं.

४. शिअर बोल्ट: दगड किंवा जास्त काड अडकलं तर हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो बदलायला किती वेळ लागतो, समोर करून दाखवायला सांगा. त्याच्या जागी कधीही जाड बोल्ट घालू नका. बोल्ट काही रुपयांचा असतो, गिअरबॉक्स हजारोंचा.

५. पिकअपचे दात: आपल्या वावरात दगड-गोटे, दात मोडणारच. एकेक दात वेगळा बदलता येतो का?

६. रोलर की साखळी-पट्टी: रोलरच्या यंत्रात हलणारे भाग कमी, पण बेअरिंग जास्त. साखळी-पट्टीचं यंत्र आखूड काड बरं गुंडाळतं, पण साखळीला तेल आणि ताण सतत लागतो. आत रबरी पट्टे असलेली यंत्रं गठ्ठा घट्ट करतात, पण पट्टे झिजतात आणि महाग असतात. लहान गटाला पहिल्या दोनपैकी एक बरं.

७. सुतळी की जाळी: जाळी दोन-तीन फेऱ्यांत बसते, काम लवकर होतं, पण ती महाग आणि प्लॅस्टिकची. सुतळीला वेळ लागतो. जमेल तिथे तागाची सुतळी वापरा. प्लॅस्टिकची सुतळी किंवा जाळी गाईच्या पोटात गेली तर तिथेच साठते आणि जनावर दगावू शकतं. काहीही वापरलं तरी चारा टाकण्याआधी बांधलेलं सगळं काढून, मोजून, वेगळ्या पोत्यात ठेवायचं.

आपला ट्रॅक्टर चालेल का?

मिनी बेलरला साधारण ३५ एचपी आणि त्याच्या वरचा ट्रॅक्टर लागतो. पत्रकात लिहिलेला एचपी इंजिनचा की पीटीओचा, हे विचारा. पीटीओचा नेहमी कमी असतो. पीटीओ ५४० फेऱ्यांचा हवा. बऱ्याच यंत्रांचं मागचं दार ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर उघडतं. जुन्या ट्रॅक्टरला त्याची बाहेरची जोडणी नसते, ती वेगळी बसवावी लागते, तिचा खर्च आधीच धरा. पिकअपची रुंदी आणि हार्वेस्टर टाकतो त्या काडाच्या ओळीची रुंदी टेप लावून मोजा. ओळ रुंद असेल तर ती ओढून अरुंद करायला रेक लागेल, म्हणजे आणखी एक अवजार.

आधी आपल्या वावरात चालवून पाहा

दुकानापुढे रिकामं फिरणारं यंत्र पाहून काही कळत नाही. विक्रेत्याला सांगा: आमचं वावर, आमचं काड, आमचा ट्रॅक्टर, दोन तास. त्या दोन तासांत चार गोष्टी लिहा: किती गठ्ठे झाले, कितीदा थांबलं, सुतळी कितीदा तुटली आणि किती काड मागे राहिलं. पाच गठ्ठे काट्यावर तोला. एक गठ्ठा ट्रॉलीवरून खाली टाका. तो सुटला तर गोठ्यापर्यंत पोचणार नाही.

तेच यंत्र दोन हंगाम वापरलेल्या शेतकऱ्याकडे जा. नवीन घेतलेला माणूस कौतुकच सांगतो, दोन हंगाम वापरलेला खरं सांगतो. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांशीही बोलून घ्या.

विक्रेत्याकडे सरकारी चाचणीचा अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनी इथे शेतीयंत्रांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे, अशा संस्थांच्या अहवालात यंत्राची मापं, डिझेल आणि चाचणीत आलेले बिघाड लिहिलेले असतात. अहवाल इंग्रजीत असला तर गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाचायला बसवा.

अनुदान आणि कर्ज

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला, अल्प व अत्यल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याला यंत्रानुसार कमाल मर्यादा असते. गटाच्या अवजार बँकेचे निकष वेगळे आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. यंदाची मर्यादा तालुका कृषी कार्यालयात विचारूनच हिशेब करा. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र खरेदी करू नका, नाहीतर अनुदान जातं. अनुदान मागून खात्यात येतं, तोवर पूर्ण पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात, हेही बैठकीत सगळ्यांना स्पष्ट सांगा.

अवजार बँकेसाठी कर्ज घेताना कृषी पायाभूत सुविधा निधीबद्दल बँकेत विचारा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत व्याजात ३ टक्के सवलत जास्तीत जास्त ७ वर्षं मिळते आणि बचत गटही त्यात बसतात.

कागदावर काय घ्यायचं?

"ताई, काळजी करू नका, एक फोन करा" हे कागदावर नसतं. कोटेशनसोबत एवढं लिहून घ्या: वॉरंटी किती आणि कोणत्या भागांवर, सुटे भाग कोणत्या गावी मिळतील, तक्रारीनंतर मिस्त्री किती तासांत येईल, गटातल्या किती जणींना चालवण्याचं आणि देखभालीचं शिक्षण देणार. पहिल्या दिवसापासून एक पेटी यंत्रासोबत हवी: शिअर बोल्ट, पिकअपचे दात, साखळीच्या कड्या, मुख्य बेअरिंगची जोडी, सुतळी कापायचं पातं आणि ग्रीस गन.

रोजची देखभाल आणि जिवाची काळजी

सकाळी काम सुरू करण्याआधी ग्रीस, साखळीला तेल, बोल्ट घट्ट. संध्याकाळी रोलरच्या टोकांना गुंडाळलेलं काड काढायचं, ते तसंच राहिलं तर बेअरिंग तापतं. हंगाम संपला की यंत्र झाडून, साखळीला तेल लावून टिनाच्या शेडमध्ये ठेवायचं. सुतळी उंदरांपासून दूर. नोंदवहीत रोजचे गठ्ठे, तास, डिझेल आणि बदललेला भाग लिहायचा. पुढच्या वर्षीचा दर त्या वहीतून ठरेल.

काड ओलं असताना बांधू नका. दव उतरल्यावर, ऊन चढल्यावर सुरू करा. ओला गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, आणि गंजीला आगही लागू शकते. गठ्ठे रचल्यावर पहिले काही दिवस मध्ये हात घालून पाहा. गरम लागले तर गंजी मोकळी करा.

पीटीओचा फिरणारा दांडा पदर, ओढणी किंवा वेणी क्षणात ओढून घेतो. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून काम करू नका. यंत्राजवळ जाणाऱ्या बाईने पदर खोचलेला आणि केस बांधलेले असावेत. काड अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मगच हात आत. मागचं दार उघडताना मागे कोणी, विशेषतः लेकरं, उभी राहू नयेत. उतारावर गोल गठ्ठा गडगडत जातो, म्हणून तो आडवा सोडा.

पुढच्या बैठकीत एवढंच करा

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एक वही उघडा. गावात गहू किती एकर आहे, त्यातला हार्वेस्टरने किती निघतो आणि काडाचं काय होतं, हे प्रत्येक गटाने आपल्या सदस्यांचं लिहून आणावं. शेजारच्या दोन गावांकडूनही घ्यावं. सगळी बेरीज झाली की वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडा. बेरीज पुरली तर दोन बाया आणि गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री अशी तिघांची समिती यंत्र पाहायला पाठवा. मिस्त्रीला सोबत न्याच, कारण पुढची आठ वर्षं ते यंत्र त्यालाच खोलायचं आहे. बेरीज पुरली नाही तर तेही कळलं हे चांगलंच झालं: गटाचे पैसे वाचले, आणि भाड्याच्या यंत्राला बोलवायला किती एकरांचं काम आहे, तो आकडा तरी हातात आला.